नवीन फास्ट पीसी लावल्यावर राउटरचा जॉब का सरकायला लागला, आणि लेटन्सी खाली कशी आणायची

आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा सांगतो म्हणजे घोळ नको. लाकडावर कोरीव काम करणारा चार बाय चारचा राउटर, लिनक्ससीएनसी (लिनक्सवर मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), पॅरलल पोर्टवरून (प्रिंटरच्या जुन्या पोर्टवरून) तीन स्टेपर मोटर. आधी ॲटमवाला जुना बोर्ड होता तोपर्यंत सगळं सुरळीत, तो बोर्ड गेला म्हणून तुम्ही ऑफिसातून निघालेला चौथ्या पिढीचा आय५ आणला, त्यात पॅरलल पोर्टचं कार्ड टाकलं, डेबियन १२ टाकलं, जुन्या मशीनचं कॉन्फिगचं फोल्डर उचलून तसंच ठेवलं, आणि आता दोन-अडीच तासांचा जॉब लावला की मधेच कुठेतरी एक्स अक्ष सरकतो आणि रिअलटाइम डिलेचा मेसेज येतो. लेटन्सी म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षा झालेला उशीर, जिटर म्हणजे त्या वेळेतला चढउतार, आणि तुमच्या लेटन्सी टेस्टमध्ये मॅक्स जिटर १,८०,००० नॅनोसेकंद, म्हणजे १८० मायक्रोसेकंद. आणि तुमचं म्हणणं, हा पीसी तर जुन्यापेक्षा कितीतरी फास्ट आहे मग असं कसं.

फास्ट आहे म्हणूनच, असं म्हटलं तर चुकणार नाही. रोज सकाळी सहाला येणारा दूधवाला महिन्यातून एकदाच साडेसातला आला तर त्याची सरासरी वेळ काढून बघा, सहा वाजून तीन मिनिटंच निघेल, पण त्या दिवशी पोरं चहा-दूध न घेता शाळेत गेली ती गेलीच. मशीनला पण सरासरीशी काही घेणंदेणं नाही. १८० मायक्रोसेकंदाचा उशीर तासाभरात एकदाच झाला तरी जॉब सरकायला तेवढं पुरतं. नवे प्रोसेसर वीज वाचवायला सारखे झोपतात, स्पीड वरखाली करतात, बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) मागून काहीबाही कामं करतं, आणि ह्या सगळ्यामुळे सरासरी झकास दिसते पण सगळ्यात वाईट आकडा बिघडतो. जुना ॲटम बिचारा सगळ्याच बाबतीत हळू होता पण वेळेचा पक्का होता.

आता नक्की काय होतं ते तुमच्याच आकड्यांवर बघू. पाच एमएम पिचचा बॉलस्क्रू, ड्राइव्ह (मोटरला वीज देणारा डबा) १६ मायक्रोस्टेपवर (मोटरच्या एका स्टेपचे १६ तुकडे), म्हणजे एका फेऱ्याला ३२०० पल्स, एका एमएमला ६४०. तुम्ही १५०० एमएम प्रति मिनिटाने फिनिशिंग मारता, म्हणजे सेकंदाला २५ एमएम, म्हणजे १६,००० पल्स, दोन पल्समध्ये अंतर ६२.५ मायक्रोसेकंद. पॅरलल पोर्टवर हे पल्स कॉम्प्युटर स्वतः बेस थ्रेडमधून, म्हणजे ठराविक ठोक्याने परत परत चालणाऱ्या छोट्या कामातून, मारतो आणि तुमच्या जुन्या कॉन्फिगमध्ये बेस पिरियड, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर, ३२,००० नॅनोसेकंद आहे. आता हा थ्रेड १८० मायक्रोसेकंद अडकला तर ड्राइव्हला जवळजवळ तीन पल्स मिळतच नाहीत, आणि थ्रेड सुटला की राहिलेले पल्स घाईघाईने एकामागोमाग बाहेर पडतात. मोटर भरधाव फिरत असताना आधी गपकन थांबा आणि लगेच पळा असं झालं की रोटर सुटतो. आणि सॉफ्टवेअरला ह्यातलं काहीच कळत नाही, त्याने पल्स मोजून दिलेत, स्क्रीनवरचा आकडा बरोबरच दाखवणार, कारण स्टेपरकडून परत खबर द्यायला एन्कोडरच (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) नाहीये.

तो मेसेज पण नीट समजून घ्या. एका सेशनमध्ये तो एकदाच येतो. म्हणजे सकाळी एकदा दिसला, तुम्ही बंद केला, मग दिवसभर दिसला नाही, म्हणून एकदाच उशीर झाला असं नाही, शंभरदा झाला असेल तरी परत दाखवणार नाही. लोक इथे फसतात.

पहिलं काम म्हणजे मोजणं, आणि मोजताना मशीनला आरामात बसवून मोजू नका. लिनक्ससीएनसी बंद करा, लेटन्सी टेस्ट लावा, आणि मग पीसीला जेवढा त्रास देता येईल तेवढा द्या. जीएलएक्सगिअर्स नावाच्या ग्राफिक्सच्या छोट्या प्रोग्रॅमच्या चार-पाच खिडक्या उघडा, त्या माऊसने पकडून इकडेतिकडे हलवा, मोठी फाइल पेनड्राइव्हवरून कॉपी करा, पेनड्राइव्ह काढा परत लावा, ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू करा. हे सगळं करून दहा-पंधरा मिनिटांनी जो आकडा दिसतो तो नुसती सुरुवात समजा, शेवटचा आकडा मी तरी रात्रभर चालवूनच मान्य करतो. जोडीला लेटन्सी हिस्टोग्राम पण चालवा, त्यात चित्र दिसतं. मधे सगळ्या मोजमापांचा उंच ढीग असतो आणि तो कितीही चांगला दिसला तरी तुम्ही बघायचं ते लांब कडेला एकटी उभी असलेली काडी. ती काडी म्हणजे तुमचा सरकलेला जॉब.

लिनक्ससीएनसीच्या माहितीपुस्तिकेत आकड्यांचा अंदाज दिलाय तो माझ्याही अनुभवाला धरून आहे. १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या खाली असेल तर पॅरलल पोर्टसाठी उत्तम, ३० ते ५० असेल तरी चालतं पण स्पीड कमी मिळतो, आणि १०० च्या वर गेलं की पल्स कॉम्प्युटरने मारायचा विचार सोडा. तुम्ही १८० वर आहात. पण घाबरू नका, इथून ३०-४० पर्यंत आणलेले पीसी मी बरेच बघितलेत.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तपासा आधी, दोन मिनिटांचं काम. टर्मिनलमध्ये यूनेम मायनस ए मारल्यावर त्या ओळीत प्रीएम्प्ट आरटी (म्हणजे वेळ पाळणारा रिअलटाइम कर्नल) दिसलंच पाहिजे. डेबियन १२ च्या रिपॉझिटरीत आरटी कर्नल वेगळं पॅकेज म्हणून मिळतं, आणि ते टाकूनही बूट होताना साधाच कर्नल निवडला जातो असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. लिनक्ससीएनसी टर्मिनलमधून चालू केलं तर तेही पहिल्याच ओळींमध्ये सांगतं की रिअलटाइम आहे का नॉन-रिअलटाइम. (आता २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ पासून प्रीएम्प्ट आरटी मूळ लिनक्स कर्नलमध्येच आलंय, वीस वर्षं ते बाहेरून पॅच म्हणून लावावं लागायचं. तरी ते चालू करून बांधलेला कर्नल लागतोच, आकडा ६.१२ दिसला म्हणजे झालं असं नाही.) तुमच्या जुन्या ॲटमवर बहुतेक आरटीएआयवाला (रिअलटाइमची दुसरी, जुनी पद्धत) कर्नल होता. नुसत्या पॅरलल पोर्टसाठी आरटीएआय अजूनही थोडा कमी जिटर देतो हे खरं आहे, पण तो सांभाळायचा व्याप जास्त, म्हणून मी आधी प्रीएम्प्ट आरटीवर सगळे उपाय संपवतो.

आता बायोस. इथेच निम्म्याहून जास्त आजार असतो आणि लोक मात्र लिनक्समध्ये कमांडा मारत बसतात. बायोसमध्ये जाऊन सी-स्टेट (प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या) बंद, सी१ई बंद, स्पीडस्टेप बंद, टर्बो बूस्ट बंद. हायपरथ्रेडिंग तुमच्या आय५ला बहुतेक नसेलच, आय३ किंवा आय७ वाल्यांनी बंद करावं. ऑनबोर्ड साउंड, सिरिअल पोर्ट, वायफाय, ब्लूटूथ, जे जे लागत नाही ते सगळं बंद. सी-स्टेटचं एवढं का सांगतो ते बघा. लिनक्स कर्नलमध्ये प्रत्येक पिढीच्या प्रोसेसरला कुठल्या झोपेतून उठायला किती वेळ लागतो त्याचा तक्ता आहे, तुमच्या चौथ्या पिढीसाठी त्यात सी१ ला २ मायक्रोसेकंद, सी३ ला ३३, सी६ ला १३३ आणि सी७ ला १६६ लिहिलंय. म्हणजे कोअर एकदा गाढ झोपला की त्याला नुसतं उठवण्यातच तुमचे चार-पाच बेस पिरियड संपले. आता लिनक्ससीएनसी चालू होताना कर्नलला स्वतःच सांगतं की झोपू नको, त्यामुळे काही जण म्हणतात बायोसला हात लावायची गरज नाही. मी नुसत्या त्या विनंतीवर विसंबत नाही. फ्रिक्वेन्सी वरखाली करणं आणि सी१ मधून सी१ई मध्ये सरकणं ह्यातलं बरंचसं हार्डवेअर आपल्या आपण ठरवतं, त्याला मुळातच बंद केलेलं बरं. काही ऑफिस पीसींच्या बायोसमध्ये हे पर्याय दिलेलेच नसतात, मग कर्नलच्या ओळीत मॅक्स सी-स्टेट १ द्यायचा आणि सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा स्पीड ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवायचा.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर टेस्ट चालवून आकडा वहीत लिहा. मोबाइलमध्ये नको, वहीत, मशीनजवळच्या. एकदम आठ गोष्टी बदलल्या आणि आकडा खाली आला तर कशामुळे आला ते कळत नाही, आणि उद्या बायोसची बॅटरी उतरली की परत पहिल्यापासून.

बायोसनंतर कोअर वेगळे काढणं. चार कोअर आहेत, शून्य ते तीन. ग्रबच्या (पीसी चालू होताना लिनक्स उचलणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये कर्नलच्या ओळीत आयसोलसीपीयूज नावाचा पर्याय असतो त्यात २,३ द्या, ग्रब अपडेट करा, रीबूट. मग डेस्कटॉप, ब्राउझर, प्रिंटर जे काय असेल ते शून्य आणि एकवर नांदतं आणि रिअलटाइम थ्रेडला शेवटचा कोअर मोकळा मिळतो, लिनक्ससीएनसी तो आपणहून उचलतं. बदल खरंच लागला का ते प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन फाइल उघडून बघा, ग्रब अपडेट करायचं विसरून दोन दिवस डोकं धरून बसलेले लोक आहेत. त्याचबरोबर इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मधेच मारलेली हाक) पण त्या कोअरवरून हटवा, त्याच ओळीत आयआरक्यू ॲफिनिटी ०,१ वर द्या आणि आयआरक्यूबॅलन्स नावाची सर्व्हिस असेल तर काढून टाका, नाहीतर ती आपल्या मर्जीने इंटरप्ट फिरवत राहते. प्रॉकमधल्या इंटरप्ट्सच्या यादीत शेवटच्या कोअरचा रकाना बघितला की कळतं तिथे अजून कोण येऊन दार ठोठावतंय. बऱ्याच पीसींवर आकडा सगळ्यात जास्त ह्याच पायरीला खाली येताना मी बघितलाय.

ग्राफिक्सचं पटकन सांगतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर काढा आणि इंटेलचं ऑनबोर्ड वापरून बघा. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर रिअलटाइमबरोबर नांदत नाही. लॅपटॉपवर तर हे सगळं करूच नका, त्यात बॅटरी आणि तापमानाचा कारभार मागून सतत चालू असतो.

आणि आता ती काडी, जी हे सगळं करूनही जात नाही.

कोल्हापूरकडच्या एका शेडमध्ये असाच राउटर होता, देव्हाऱ्याचे दरवाजे कोरायचे. रफिंग व्यवस्थित, फिनिशिंगमध्ये कधीतरी कमळाच्या पाकळ्या एका बाजूला दीड एमएम सरकलेल्या. त्यांनी कपलिंग बदललं, ग्रबस्क्रूला लॉकटाइट लावलं, ड्राइव्ह बदलला, वायरला शील्ड केलं, एक सागवानी पल्ला वाया गेला तेव्हा मला बोलावलं. मी वर लिहिलंय ते सगळं केलं, जिटर २५ वर आला, चहा घेतला, परत येऊन बघतो तर स्क्रीनवर २१०. मग मी नुसता बसून राहिलो, हिस्टोग्राम समोर, हातात घड्याळ. लोड असो नसो, माऊस हलवा न हलवा, साधारण मिनिटाभराने एक काडी. पुन्हा मिनिटाने एक. इतकं नेमाने येणारं म्हणजे हे लिनक्सचं काम नव्हे, हे बायोसचं काम. त्याला एसएमआय म्हणतात, सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट. बायोस प्रोसेसर आपल्या ताब्यात घेतं, आपलं काम उरकतं आणि परत देतं, आणि तेवढा वेळ कर्नलच्या लेखी अस्तित्वातच नसतो, म्हणून प्रीएम्प्ट आरटी असो की आरटीएआय, कोणीही त्याला अडवू शकत नाही. त्या बोर्डात पंख्याचा स्पीड तापमानाप्रमाणे आपोआप बदलणारा पर्याय चालू होता, तो बंद करून पंखा कायम फुल ठेवला आणि काडी गेली. रात्रभर चालवलं, सकाळी २७. पंख्याचा आवाज वाढला एवढंच, स्पिंडल आणि डस्ट कलेक्टरपुढे तो कोणाला ऐकू येतोय.

तुमच्याकडे हे आहे का ते ओळखायला डेबियनमध्ये आरटी-टेस्ट्स नावाचं पॅकेज आहे, त्यात एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट म्हणून टूल मिळतं. ते कोअरचे इंटरप्ट बंद करून नुसतं घड्याळ बघत बसतं, आणि मधे वेळ गायब झालेला दिसला की सांगतं. इंटरप्ट बंद असताना गायब झालेला वेळ म्हणजे दोष लिनक्सच्या खालचा आहे, दुसरं काही असूच शकत नाही. टर्बोस्टॅट नावाच्या टूलमध्ये एसएमआयचा रकानाच असतो, तोही बघा वाढतोय का. नेहमीचे संशयित म्हणजे यूएसबी लेगसी सपोर्ट, पंखा कंट्रोल, तापमान आणि वीज वाचवण्याचे पर्याय, आणि ऑफिस पीसींमधलं लांबून मॅनेजमेंट करायचं जे असतं ते. यूएसबी लेगसी बंद करायच्या आधी एक पीएस-टू कीबोर्ड जवळ ठेवा, काही बोर्डांवर यूएसबी कीबोर्ड मग बायोसमध्ये चालत नाही आणि परत आत जाता येत नाही. बायोसचं नवीन व्हर्जन असेल तर तेही टाकून बघा. पण एसएमआय सरसकट जबरदस्तीने बंद करायचे उपाय सांगणारे भेटतील, ते करू नका, काही बोर्डांवर प्रोसेसरचं तापमान सांभाळायचं काम त्याच वाटेने होतं आणि पीसी जळायची पाळी येते. तापमानावरून आठवलं, हीटसिंक उघडून बघा. लाकडाच्या शेडमध्ये सहा महिन्यांत त्यात भुशाची गादी बसते, वर पत्रा, मे महिना, प्रोसेसर तापून स्वतःला आवरतो आणि लेटन्सी परत वर. सकाळी जॉब नीट आणि दुपारी सरकतो अशी तक्रार असेल तर मी आधी ब्लोअर मागतो.

समजा इतकं करून तुम्ही ३५ वर आलात. आता ते जुनं कॉन्फिग. त्यातला ३२,००० चा बेस पिरियड ॲटमच्या जिटरवर काढलेला होता, नवीन पीसीला तो लागू नाही. स्टेपकॉन्फमध्ये (लिनक्ससीएनसीचं कॉन्फिग बनवायचं टूल) जिटरचा नवीन आकडा भरा, आणि खरा भरा, थोडा वाढवूनच, तो त्यावरून ड्राइव्हच्या वेळा धरून बेस पिरियड काढतो. डायरेक्शनची वेळ पण ड्राइव्हच्या कागदावरून बघून टाका, डीएम५४२ सारख्या ड्राइव्हला दिशा बदलल्यावर पल्सच्या आधी ५ मायक्रोसेकंद लागतात.

आणि मायक्रोस्टेप १६ वरून ८ वर आणा, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लोकांना वाटतं जास्त मायक्रोस्टेप म्हणजे जास्त बारकाई, पण लाकडात ३२० पल्स प्रति एमएम भरपूर झाले. मुख्य फायदा वेगळाच आहे. कॉम्प्युटर पल्स फक्त बेस पिरियडच्या ठोक्यावरच मारू शकतो. तुम्हाला हवं होतं ६२.५ चं अंतर आणि ठोका ३२ चा, मग तो बहुतेक पल्स ६४ वर मारतो आणि हिशोब जुळवायला मधूनच एखादा ३२ वर. म्हणजे लेटन्सी शून्य असती तरी मोटरला मधूनच एका पल्सपुरता दुप्पट स्पीडचा हिसका बसणारच. ८ मायक्रोस्टेपवर अंतर होतं १२५, मग बहुतेक १२८ वर आणि मधूनच ९६ वर, हिसका बराच सौम्य. कागदावर एकदा मांडून बघा, मोटरचा तो किरकिर आवाज कुठून येतो ते लगेच कळेल. इथे मी तुमचा जुनाच ठोका धरलाय, नवीन बेस पिरियड मोठा निघेल, मग तर ८ वर येण्याशिवाय इलाज नाही.

सगळं करूनही १०० च्या खाली येत नसेल तर त्या पीसीबरोबर भांडत बसू नका. दुसरा जुना पीसी आणून बघा नाहीतर मेसाचं कार्ड घ्या, इथरनेटवालं. त्यात पल्स कार्डावरची एफपीजीए नावाची चिप मारते, बेस थ्रेडच राहत नाही, कॉम्प्युटरला फक्त एक मिलिसेकंदाचा सर्व्हो थ्रेड पाळायचा असतो आणि तिथे १०० मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाले तरी चालतं. त्यासाठी नेटवर्क पोर्ट मात्र इंटेलचा बघा, पोर्ट त्या कार्डासाठीच ठेवा, मधे स्विच नको, आणि ईथटूल कमांडने इंटरप्ट कोॲलेसिंग (इंटरप्ट साठवून एकदम देणं) बंद करा. यूएसबी ते पॅरलल कन्व्हर्टर केबल घेऊ नका, प्रिंटरला चालते म्हणून दुकानदार देतो पण लिनक्ससीएनसीला ती चालतच नाही, कितीही महागाची घेतली तरी.

शेवटी खात्री करून घ्यायची ती लाकूड न लावता. स्पिंडल बंद, झेड वर, एक्सला डायल (काट्याचा गेज) लावून झिरो घ्या, तोच अडीच तासांचा प्रोग्रॅम हवेत चालवा, मधे पेनड्राइव्ह लावा, खिडक्या हलवा, आणि संपल्यावर परत झिरोला आणा. काटा जागेवर आला आणि लाकडात मात्र सरकतंय तर मग ती लेटन्सी नाही, मग ॲक्सिलरेशन, कपलिंग नाहीतर स्पिंडलच्या इन्व्हर्टरचा नॉइज बघायला लागेल. डायल कुठे थांबला तो आकडा, रात्रभराचा नवीन मॅक्स जिटर आणि एचडब्ल्यूलॅटडिटेक्टने काय सांगितलं, एवढं कळवा म्हणजे पुढचं बघू.